चटणीचा डबा, टॉवेल आणि एक फळी: पोरांना घर्षण असं शिकवा

मे महिन्यात सोलापुरात पोरांना दुपारभर घरात धरून ठेवणं म्हणजे काय असतं ते इथल्या लोकांना सांगायची गरज नाही. बाहेर ४३ डिग्री, अकरानंतर दार लावून घ्यायचं, कूलर सुरू, आणि आत तीन पोरं. माझा सातवीतला, धाकटी तिसरीतली, आणि सुट्टीला पुण्याहून आलेला नणंदेचा पोरगा. मोबाईल काढून घेतला की अर्ध्या तासात भांडणं. तर गेल्या सुट्टीत एकदा चिडून म्हणलं, चला, फळी काढा माळ्यावरची, आणि त्यातून जे झालं ते इथं लिहितेय कारण तेव्हापासून चार-पाच जणींनी विचारलंय की नेमकं काय काय लागतं.

आधी सामान. एक गुळगुळीत फळी, साधारण तीन फूट, आमची जुन्या टेबलाची सनमायका लावलेली होती, बरोबर ९० सेंमी. शिवणाचा टेप. कपड्याचे चिमटे सात-आठ. एक सोलापुरी चादर, एक टर्किश टॉवेल (हे दोन्ही नसलेलं घर सोलापुरात शोधून दाखवा), एक पॉलिश पेपर, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो, काही जण काचपेपर म्हणतात. आणि एक बसका चौकोनी झाकणाचा डबा. आमच्याकडे शेंगाचटणीचा रिकामा झालेला होता तो घेतला. डबा बसकाच घ्या, उंच बरणी घेऊ नका, मी आधी उंचच घेतली होती आणि ती टॉवेलवरून सरकायच्या ऐवजी सरळ तोंडावर पडायची, मग पोरं नुसती हसत बसतात आणि प्रयोग राहतो बाजूला.

डब्याच्या बुडाला जाड पुठ्ठा कापून सेलोटेपनं चिकटवा, पण टेप बाजूनं मारा, बुडाखाली येऊ देऊ नका. का, तर प्लॅस्टिकच्या डब्यांना खाली बारीक कडा असते, डबा त्या कडेवरच उभा राहतो आणि मोजमाप दरवेळी वेगळं येतं.

आता डबा फळीवर ठेवायचा, फळीचं एक टोक जमिनीवर आणि दुसरं हातात धरून हळूहळू उचलायचं. एवढाच प्रयोग आहे खरं तर. पण पहिल्यांदा उचलली तेव्हा डबा जागेवरच आणि फळीच मागं घसरली, आमची शहाबादी फरशी घासून घासून आरशासारखी झालीय. मग खालच्या टोकाखाली रबरी स्लिपर ठेवली, उलटी, म्हणजे नक्षीची बाजू वर. जागेवर बसली फळी. तेवढ्यात सातवीतला म्हणला, "आई हेच तर घर्षण आहे की." म्हणलं हो रे बाबा, पण आधी मोजू तर दे.

मोजायचं असं. एक जण फळी उचलणार, एक जण टेप भिंतीला लावून उभा धरणार, आणि एक जण फक्त डब्याकडं बघणार. बघणाऱ्यानं "सुटला" असं ओरडायचं आणि त्या क्षणी उचलणाऱ्यानं थांबायचं. तेव्हा फळीचं वरचं टोक जमिनीपासून किती उंच आहे तो आपला आकडा, उंची जास्त तेवढं घर्षण जास्त. उचलायचं म्हणजे अगदी हळू, मुंगीच्या पावलानं, पोरं झटक्यानं उचलतात. प्रत्येक गोष्टीसाठी तीनदा करायचं आणि मधला आकडा धरायचा.

पण त्याच्याही आधी, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, फळी उचलायच्या आधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्यायचा. वहीत, पेनानं. तोंडी अंदाज घेतला की नंतर सगळेच म्हणतात मी हेच म्हणलो होतो.

नुसत्या सनमायकावर आमचा डबा २६ सेंमीला सुटला. मग फळीवर चादर टाकली, उचलली, आणि चादरीसकट डबा खाली! धाकटी टाळ्या वाजवायला लागली पण ते चूक होतं, डबा चादरीवरून सरकलाच नव्हता, चादर फळीवरून सरकली होती. म्हणून चिमटे. चादर ताणून दोन्ही बाजूंनी चिमटे मारायचे, सुरकुती राहता कामा नये, चादर मोठी असते तर घडी करून उरलेला भाग फळीच्या मागं घ्या. मग चादरीवर आला ४०, टॉवेलवर ४७ च्या आसपास, आणि पॉलिश पेपरवर ५८. पॉलिश पेपर एका शीटनं पुरत नाही पण डबा जिथं ठेवायचा तिथं तेवढा चिकटवला तरी चालतो, सुटला की कळतंच. तुमच्याकडे हेच आकडे येणार नाहीत, पुठ्ठा वेगळा, फळी वेगळी, पण क्रम बहुतेक हाच येईल.

मोठ्या पोरांसाठी इथं थोडं गणित आहे आणि ते सोपं आहे. फळीच्या वरच्या टोकाच्या सरळ खाली जमिनीवर खूण करायची, तिथपासून फळीच्या खालच्या टोकापर्यंत अंतर मोजायचं, आणि उंचीला त्या अंतरानं भागायचं. सनमायकाला २६ भागिले ८६, म्हणजे ०.३. टॉवेलला ४७ भागिले ७७, म्हणजे ०.६. हाच तो घर्षणाचा गुणांक, वरच्या वर्गात पुस्तकात नुसती व्याख्या असते तो. वजनकाटा नको, काही नको. फळी ९० सेंमीची असेल तर टोक ६४ च्या जवळ गेलं की उतार ४५ अंशाचा होतो आणि गुणांक बरोबर १ येतो, तिथपर्यंत आमचं काही पोचलं नाही, तुम्ही रबराचा तुकडा लावून बघा.

अजून एक गंमत इथंच करून घ्या. डबा सुटायच्या थोडं आधी फळी थांबवा आणि फळीला बोटानं टिचकी मारा. लगेच निघतो, आणि निघाला की मधे थांबत नाही, थेट खाली. म्हणजे हलवायला जोर जास्त लागतो, हलती ठेवायला कमी. जड कपाट सरकवताना पहिला धक्काच जीव काढतो, नंतर सरकतं, तेच.

आता खरी मजा. मी पोरांना विचारलं, डब्यात अर्धा किलो ज्वारी भरली तर डबा आधी सुटेल की नंतर?

माझा म्हणला नंतर, कारण जड आहे, चिकटून बसणार. पुण्याचा म्हणला आधी, जड वस्तू खाली ओढली जाते ना मामी. धाकटी म्हणली ज्वारी सांडणार. आणि मी, खरं सांगते, मी मनात पुण्याच्या बाजूनं होते. बी.एस्सी. झालेली बाई. वहीत मी पण लिहिलं: आधी.

ज्वारी भरली, झाकण लावलं, सनमायकावर ठेवलं, उचललं. २६. परत केलं. २५. परत केलं. २६.

"का बे, तसंच आलंय की!" माझा ओरडला. पुण्याचा म्हणला चुकीचं मोजलं, त्यानं स्वतः उचललं, २६ आलं. मग पाव किलो काढून केलं, तरी तेच. दुपारचे तीन वाजले होते, चहाची वेळ टळली, कुणाला पत्ता नाही.

कारण काय, तर जड डबा फळीवर जास्त जोरानं दाबतो म्हणून घर्षण वाढतं, पण खाली ओढणारा जोरही तेवढ्याच पटीनं वाढतो. दोन्ही दुप्पट, दोन्ही तिप्पट, म्हणून सुटायची उंची तीच राहते. म्हणजे माझा पोरगाही अर्धा बरोबर होता आणि पुण्याचाही अर्धा. हे त्यांना लगेच सांगू नका. मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, रात्रभर भांडू दिलं, आणि सांगायच्या आधी एक छोटा प्रयोग करून घेतला तो असा: डब्याला दोरा गुंडाळायचा, दोऱ्याला रबर बँड अडकवायचा, आणि डबा सपाट टेबलावर रबरनं हळू ओढायचा. रिकामा डबा असताना रबर जेमतेम ताणतं आणि डबा निघतो, ज्वारी भरली की रबर कितीतरी लांब होतं तरी डबा बसलेलाच. आता वाढलेलं घर्षण डोळ्यांना दिसलं. मग त्याच डब्याखाली तीन-चार गोल पेन्सिली आडव्या घाला, षटकोनी नाही, गोलच, आणि परत ओढा. रबर ताणायच्या आधीच डबा चालायला लागतो. चाक कशासाठी असतं हे तिसरीतल्या पोरीनं स्वतःहून सांगितलं, मला बोलावंच लागलं नाही.

एक इशारा मात्र, टॉवेलवर वजनाचा प्रयोग केला तर आकडे नीट जुळत नाहीत, दोन-तीन सेंमी इकडं तिकडं होतात. टॉवेलचे फासे मऊ, जड डबा त्यात रुततो. हा नियम कडक पृष्ठभागावर चांगला दिसतो, म्हणून पहिल्यांदा सनमायकावरच करा.

असाच दुसरा धक्का द्यायचा तर साबणाची नवी वडी घ्या, पुठ्ठ्याच्या खोक्यातली, खोकं न फोडता. आधी आडवी ठेवून उंची मोजा, मग कडेवर उभी करून मोजा, फक्त लांब बाजू उताराच्या दिशेनं राहू द्या नाहीतर गडगडते. सगळ्यांना वाटतं मोठी बाजू टेकली की घर्षण जास्त. उंची जवळजवळ तीच येते. ह्या दोन्ही गोष्टी, वजनाच्या पटीत घर्षण आणि टेकलेल्या जागेशी संबंध नाही, फ्रान्समधल्या गियोम अमोंतों नावाच्या माणसानं १६९९ मध्ये मांडल्या, तो लहानपणीच बहिरा झालेला. जागेचा संबंध नाही हे तेव्हाच्या शहाण्या लोकांनाही लवकर पटलं नव्हतं. आणि त्याच्याही दोनेकशे वर्षं आधी लिओनार्दो द विंचीनं हेच आपल्या वह्यांमधे लिहून ठेवलं होतं, पण छापलं नाही त्यामुळे कुणाला कळलंच नाही. पुण्याच्याला हे फार आवडलं, म्हणला म्हणजे मी पण चुकलो तर चालतंय.

पोरं विचारणार की जागेचा संबंध कसा नाही. तर भिंग घेऊन बघा, कितीही गुळगुळीत दिसलं तरी प्रत्येक पृष्ठभागावर बारीक डोंगर-दऱ्या असतात. दोन वस्तू टेकतात त्या फक्त डोंगरांच्या टोकांवर, खरी टेकलेली जागा एकदम थोडी. वडी आडवी ठेवली की टोकं जास्त टेकतात पण प्रत्येकावर दाब कमी, उभी केली की टोकं कमी पण दाब जास्त, तेवढी ती चपटी होतात. शेवटी खरी टेकलेली जागा तेवढीच. आणि ही टोकं नुसती एकमेकांत अडकत नाहीत, थोडी चिकटतातही. म्हणून "खडबडीत म्हणजे जास्त घर्षण, गुळगुळीत म्हणजे कमी" हे पोरांना सूत्र म्हणून पाठ करून घेऊ नका. रेसच्या गाड्यांचे कोरड्या रस्त्यावरचे टायर नक्षी नसलेले, साफ गुळगुळीत असतात आणि तरी घट्ट धरतात. घसरगुंडीवर आठवा, पँट घालून झूम्मकन येतो आणि चड्डीत, घामेजल्या मांड्यांनी, चर्रर्र करत मधेच अडकतो.

घर्षण कमी कसं करायचं हे दाखवायला वेगळा प्रयोग लागतच नाही, स्वयंपाकघरात बोलवा. भाकरी थापायला घेतली की परातीत आधी पीठ भुरभुरवतो ना, तर एकदा मुद्दाम पीठ न टाकता थापा. भाकरी चिकटते, हात मारला तरी फिरत नाही, कड फाटते. मग उंडा परत मळा, खाली पीठ टाका, आणि पोरांना सांगा आता बघत राहा. थाप मारली की भाकरी आपोआप गोल फिरत मोठी होत जाते, कारण परात आणि भाकरीच्या मधे कोरड्या पिठाचे कण आले, ओल्या पिठाला परातीला धरायला मिळतच नाही. कॅरमवर पावडर टाकतात ती ह्याचसाठी. आमच्या फळीवर पण कॅरमची पावडर टाकून बघितली, २६ चा आकडा चांगलाच खाली आला, पण किती ते लिहीत नाही कारण तोपर्यंत पावडर सगळ्या हॉलभर झाली होती आणि माझं लक्ष टेपवर नव्हतं. पावडर, तेल, साबणाचं पाणी हे सगळं शेवटी करा, आणि तेल किंवा साबणपाणी असेल तर बाथरूममधे करा आणि नंतर फरशी कोरडी पुसा, ओल्या शहाबादीवर कुणी पडलं तर घर्षण कायमचं लक्षात राहील पण तसं नको.

इथपर्यंत एक दुपार जाते. दुसऱ्या दुपारी जे केलं ते मला स्वतःला जास्त आवडलं, आणि ते माझ्या सासऱ्यांमुळं झालं.

सासरे इथल्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, कापड विणायच्या मागावर कामाला होते, तीस-बत्तीस वर्षं. आमचा गोंधळ झोपाळ्यावर बसून बघत होते. मला म्हणले, "तुम्ही चादरीवरनं डबा सरकायलाय, पण चादरीच्या आत काय आहे ते सांगितलं का पोरांना?" म्हणलं, काय आहे मामा? ते उठले, देवघरातनं वातीचा कापूस घेऊन आले.

हे नक्की करा, काहीही लागत नाही. कापसाचा एक लांब पुंजका घ्या, बोटभर जाड, वीतभर लांब. दोन्ही हातांनी ओढा. काही जोर लागत नाही, मऊ सुटतो, दोन तुकडे. कापसाचा एकेक तंतू अडीच-तीन सेंमीचाच असतो, ते नुसते शेजारी शेजारी पडलेले, एकावरून एक सरकून निघाले. आता तसाच दुसरा पुंजका घ्या आणि ओढायच्या आधी त्याला पीळ द्या, एक टोक पोराच्या चिमटीत आणि दुसरं तुम्ही फिरवायचं, एकाच दिशेनं, वीस-पंचवीस वेळा, मधे थोडं ताणत राहायचं. हातातला पुंजका बारीक होत होत सुतळीसारखा होतो, कडक लागतो बोटांना. आता ओढा. माझ्या पोरानं ओढला, निघेना. दोन्ही हातांनी झटका दिला तरी निघेना. तोच कापूस! डिंक नाही, गाठ नाही. पिळामुळं तंतू एकमेकांवर दाबले गेले, आणि जेवढं जोरात ओढावं तेवढा पीळ आवळतो, दाब वाढतो, घर्षण वाढतं. कालचा ज्वारीचा डबाच हा, फक्त दाबायला ज्वारीच्या जागी पीळ.

सासरे म्हणले, सगळं सूत असंच असतं. बोटाच्या पेराएवढे तंतू आणि धागा कितीही लांब, नुसत्या घासण्यावर धरलेला. आणि तेच घासणं मागावर वैरी होतं. ताण्याचा, म्हणजे उभा, प्रत्येक धागा मागाच्या फणीतून जातो, फणी पुढं-मागं, पुढं-मागं, सतत घासते, सूत पिंजतं, तुटतं, तुटलं की माग थांबवून गाठ मारा. म्हणून एकेरी सुताचा ताणा असला की आधी त्याला कांजी लावतात, सायझिंग म्हणतात, धाग्यावर गुळगुळीत पातळ थर बसतो आणि घासणं सोसतं. आडवा धागा घेऊन ये-जा करणारा धोटा लाकडाचा असायचा तोही हातानं घासून घासून गुळगुळीत ठेवायचा, त्याला एक कुसळ उभं राहिलं तर उभे धागे तोडत जायचा. एका ठिकाणी घर्षण पाहिजे, दोन बोटं पलीकडं नको. पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती, ह्याच आजोबांना एरवी टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून ओरडतात.

मग धाकटीला म्हणलं, चादरीच्या दशीतला एक दोरा ओढून काढ. तो दोन्ही टोकांनी धरायचा आणि पीळ ज्या बाजूनं आहे त्याच्या उलटा फिरवायचा. घाई करायची नाही, दोरा दोन-तीन बोटंच लांब घ्या, मोठा घेतला तर गुंता होतो. आधी दोरा सैल होतो, दोन पदरी असेल तर दोन पदर वेगळे दिसतात, मग एकेक पदर उलटा फिरवत राहायचं, एका क्षणी तो फुगतो आणि हलकं ओढलं की हातात नुसता कापूस. तिनं केलं, बोटावरचा कापूस फुंकून उडवला, आणि दुसरा दोरा ओढायला घेतला. तिसरा. चौथ्याला सासूबाई आतनं आल्या, चादर बघितली, एक शब्द न बोलता चिमट्यांसकट उचलून घेऊन गेल्या. तेव्हा दोरे काढायला जुनी चादर घ्या.